आरोग्याचे व्हिडिओ लोकांना खरंच कळतात का, हे सोशल मीडियावर कसं विचारावं?

संथवाहिनी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

आम्ही पाच जण मिळून आरोग्यशिक्षणाचे छोटे व्हिडिओ करतो. दोघी नर्स, एक फिजिओथेरपिस्ट, एक फार्मासिस्ट आणि मी. माझं शिक्षण वैद्यकीय नाही. संहिता लिहिणं आणि आलेल्या प्रतिक्रिया वाचणं ही माझी कामं. त्यातल्या दुसऱ्या कामात मी किती कमी पडले ते अलीकडे कळलं, म्हणून हा धागा.

दम्याचा पंप कसा घ्यावा यावर आमचा एक व्हिडिओ आहे. आमच्या सगळ्या व्हिडिओंत तोच सर्वांत जास्त पाहिला गेला. खाली 'खूप छान माहिती', 'धन्यवाद ताई', जोडलेले हात, अंगठे. आम्ही समाधानात होतो. मग एका गृहस्थांचा खासगी निरोप आला: 'पंप दाबला की श्वास जोरात ओढायचा ना? तुम्ही सांगितलं तसंच करतो, पण खोकला येतो.'

त्यांच्याकडे फवाऱ्याचा पंप होता. त्यात डबी दाबता दाबता श्वास हळू आणि खोल घ्यायचा, मग साधारण १० सेकंद रोखून धरायचा. जोरात ओढला तर बरंचसं औषध घशावरच आदळतं आणि फुफ्फुसांत कमी पोचतं. पावडरच्या पंपाचं नेमकं उलटं. तिथे पावडर उडवून आत न्यायचं काम आपल्या श्वासालाच करावं लागतं, म्हणून जोरात आणि खोल ओढायचा. आम्ही दोन्ही पंप एकाच व्हिडिओत दाखवले होते, आधी फवाऱ्याचा आणि मग पावडरचा. शेजारी शेजारी दाखवले की फरक ठसेल, असा आमचा हिशेब. त्या गृहस्थांच्या मनात शेवटी ऐकलेलं तेवढं राहिलं.

त्या रात्री मी जुन्या प्रतिक्रिया पहिल्यापासून वाचून काढल्या. हाच घोळ आणखी दोघांच्या लिहिण्यात दिसला. एका बाईंनी लिहिलं होतं, 'आता जोरात ओढायला शिकले, धन्यवाद.' त्यांच्याकडेही फवाऱ्याचाच पंप होता, हे त्यांच्या आधीच्या प्रश्नावरून कळत होतं. आणि त्याखाली आमचं उत्तर: जोडलेले हात. त्यांना मी लगेच निरोप पाठवला. अजून उत्तर नाही. ते मनातून जात नाही.

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण तपासायच्या चार पायऱ्या मांडल्या: लोकांना आवडलं का, ते शिकले का, त्यांचं वागणं बदललं का, आणि त्यातून काही फळ मिळालं का. लाइक आणि शेअर मोजत आम्ही पहिल्या पायरीवरच थांबलो होतो.

तेव्हा इथल्या अनुभवी लोकांना विचारायचं आहे. 'कळलं का' हे सोशल मीडियावर कसं विचारता येतं? कुठे विचारावं, उघड की खासगीत? आणि आपला आजार चारचौघांत सांगायची वेळ कोणावरही येऊ न देता हे जमेल का?

पायवाट

महत्त्वाचा विषय. वाचतोय.

मोजपट्टी

ताई, आधी एक गोष्ट मनात पक्की करा. प्रतिक्रिया देणारे म्हणजे तुमचे प्रेक्षक नव्हेत.

संकेतस्थळं लोकांना वापरता येतात का ते तपासणारे तज्ज्ञ जेकब नीलसन यांनी २००६ मध्ये लिहिलेला ढोबळ नियम ९०-९-१ असा आहे. ऑनलाइन समूहात १०० पैकी ९० जण नुसते वाचतात, ९ जण कधीमधी लिहितात आणि १ जण सतत लिहितो. आकडे जागेनुसार बदलतील, पण घडण तीच असते. दम्याच्या व्हिडिओवर लिहिणारे बहुधा तरुण, मोबाइल सराईतपणे वापरणारे, किंवा रुग्णाचे नातेवाईक असतील. ज्याला पंप दाबताना हात थरथरतो म्हणून अडचण येते तो तिथे टाइप करत बसणार नाही.

मोठ्या संख्येनेही फसू नका. १९३६ साली अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी सुमारे १ कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. सुमारे २४ लाख परत आल्या. त्यावरून त्यांनी रूझवेल्ट यांच्याविरुद्ध उभे असलेले लँडन जिंकणार असं छापलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. नावं काढली होती टेलिफोनच्या याद्या आणि मोटारींच्या नोंदींतून, म्हणजे तुलनेने सुस्थितीतल्या लोकांची. शिवाय ज्यांना मत कळवायची ऊर्मी होती त्यांनीच पत्रिका परत पाठवल्या. जनमत चाचण्या घेणाऱ्या गॅलप यांनी त्याच वेळी कितीतरी कमी लोकांना नीट निवडून विचारलं आणि रूझवेल्ट जिंकणार हे बरोबर सांगितलं.

म्हणून प्रतिक्रियांवरून '८० टक्के लोकांना कळलं' असं कुठल्याही अहवालात लिहू नका. प्रतिक्रियांचा उपयोग चुका हुडकायला करा. त्या कामाला एक निरोपही पुरतो. तुम्हाला एकाच निरोपात केवढी मोठी चूक सापडली ते पाहा.

निळी_शाई

मी वॉर्डमध्ये बरीच वर्षं नर्स आहे. आम्ही घरी जाणाऱ्या पेशंटला 'समजलं का?' असं विचारत नाही. विचारलं की सगळे हो म्हणतात. घरी जायची घाई असते, शिवाय नाही म्हणणं म्हणजे आपण मंद ठरणं असं वाटतं. आम्ही म्हणतो, 'मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. घरी गेल्यावर पंप कसा घ्याल ते करून दाखवा.' ओझं आपल्यावर घ्यायचं, पेशंटवर टाकायचं नाही. करून दाखवताना दर वेळी काहीतरी निघतं. कोणी फवाऱ्याची डबी हलवायची विसरतं, कोणी पावडरच्या पंपात आधी फुंकर मारतं. त्या फुंकरीने पावडर ओलसर होते किंवा उडून जाते.

हेच तुमच्या व्हिडिओखाली करा. 'व्हिडिओ कसा वाटला' विचारू नका. विचारा, 'पंप दाबल्यावर तुम्ही पुढे काय कराल? आम्ही नीट सांगितलं का ते तपासतोय.' एकच कृती, एकच प्रश्न.

अमेरिकेच्या एका सरकारी आरोग्य संस्थेने २०१३ मध्ये रुग्णशिक्षणाचं साहित्य तपासायचं पेमॅट नावाचं साधन काढलं. त्यात दोन गोष्टींना वेगवेगळे गुण देतात: समजतं का, आणि त्यावरून नेमकी कृती करता येते का. व्हिडिओंसाठी त्याचा वेगळा तक्ता आहे. चित्रीकरणाआधी संहिता त्यातून काढली तर निम्मी दुरुस्ती तिथेच होईल.

खिडकी_उघडी

कुठे विचारावं याबद्दल मी लिहितो. माझं कामच हे आहे.

व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपमध्ये मतदान टाकलं की कोणी कुठल्या पर्यायाला मत दिलं ते सगळ्यांना दिसतं. आजाराशी संबंधित प्रश्न तिथे टाकूच नका. 'तुम्ही रोज पंप घेता का' असा साधा प्रश्नही ग्रुपमधल्या शंभर लोकांना सांगून जातो की या माणसाला दमा आहे. चॅनेलवर फॉलो करणाऱ्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत, ते बरं. टेलिग्रामवर मतदान निनावी ठेवता येतं, तयार करतानाच ते बघून घ्या. इन्स्टाग्राम स्टोरीतलं मतदान २४ तासांत जातं आणि मत कोणाचं ते स्टोरी टाकणाऱ्याला दिसतं. म्हणजे ते तुमच्यापासून निनावी नाही. हे आधी सांगून टाका.

गुगल फॉर्म करणार असाल तर 'एका व्यक्तीचं एकच उत्तर' हा पर्याय बंद ठेवा. तो चालू असला की लॉगिन करावं लागतं. लॉगिनचा पडदा दिसला की लोक परत जातात, आणि ज्यांना आजार लपवायचा असतो ते सर्वांत आधी जातात. फाइल जोडायचा प्रश्न ठेवला तरी तेच होतं.

आणि न विचारता मिळणारा फीडबॅक आधी बघा. यूट्यूब स्टुडिओत प्रेक्षक कुठल्या सेकंदाला सोडून गेले त्याचा आलेख असतो. डिसलाइकचा आकडा नोव्हेंबर २०२१ पासून लोकांना दिसत नाही, पण व्हिडिओ टाकणाऱ्याला दिसतो. आलेखात मधेच उंचवटा आला तर लोक तो भाग मागे नेऊन पुन्हा बघतायत. आवडला म्हणून बघतायत की कळला नाही म्हणून, ते आलेख सांगत नाही. पण प्रश्न कुठल्या जागेबद्दल विचारायचा ते सांगतो.

संथवाहिनी

@खिडकी_उघडी, आत्ताच बघितलं. आमच्या व्हिडिओत उंचवटा नेमका तिथेच आहे जिथे फवाऱ्याचा पंप संपून पावडरचा सुरू होतो. हा आलेख पहिल्या दिवसापासून आमच्यासमोर होता आणि आम्ही तो उघडलाच नव्हता.

उंबरठा

सगळं खासगीत न्यायला माझा विरोध आहे. मी मधुमेहाच्या एका ऑनलाइन समूहाची व्यवस्था बघते. उघड प्रतिक्रियेचा मोठा फायदा म्हणजे एकाने विचारलं की दहा जणांना धीर येतो. 'मलाही हेच होतं' हे तीन शब्द वाचून किती माणसं शांत झोपतात ते मी पाहिलंय. फॉर्ममध्ये भरलेलं उत्तर कोणालाच दिसत नाही, ते तुमच्या तक्त्यात जाऊन पडतं.

शिवाय उघड प्रतिक्रियांतून लोकांच्या मनातली भीती कळते. आमच्याकडे इन्सुलिनच्या एका लेखाखाली सर्वांत जास्त लाइक मिळालेली प्रतिक्रिया होती, 'एकदा इन्सुलिन सुरू झालं की सुटत नाही, शेवटचाच उपाय असतो तो.' काहींनी ती काढून टाका म्हटलं. आम्ही ठेवली, खाली सविस्तर उत्तर दिलं, ते उत्तर पिन केलं, आणि पुढचा पूर्ण लेख त्याच भीतीवर लिहिला. ती प्रतिक्रिया आली नसती तर आम्ही सुई कशी टोचायची तेच शिकवत बसलो असतो, आणि सुई मुळात का नको वाटते ते कळलंच नसतं.

निळी_शाई

उंबरठाताई, हे पटलं. पंपाबद्दलही 'सवय लागते' ही भीती जगभर ऐकू येते, आणि त्या भीतीने लोक बरं वाटलं की रोजचं औषध सोडून देतात.

एक मात्र सांगते. प्रत्येक प्रतिक्रिया फीडबॅक नसते. 'पंप घेतल्यावर छातीत धडधडतं' असं कोणी लिहिलं तर तो पेशंटचा प्रश्न आहे. पंपातल्या सॅल्ब्युटामॉल या औषधाने थरथर आणि धडधड होऊ शकते, पण समोरच्या माणसाला हृदयाचा काही त्रास आहे का ते आपल्याला माहीत नसतं. प्रतिक्रियेत उपचार करायचे नाहीत. आणि 'बोलताना धाप लागतेय, पंपाने फरक पडत नाही' असं कोणी लिहिलं तर तिथे एकच उत्तर: ताबडतोब दवाखाना. त्यामुळे प्रश्न टाकायचा तर तेवढे दिवस उत्तरांवर नजर ठेवायला वैद्यकीय जाण असलेलं माणूस हवं. शुक्रवारी रात्री प्रश्न टाकून सोमवारी बघायचं, असं आरोग्याच्या बाबतीत चालत नाही.

मोजपट्टी

उंबरठा, उघड चर्चा असावीच. माझी हरकत आहे ती नंतर होणाऱ्या वापराला. लोक धीर मिळवायला लिहितात आणि आपण त्यांचे स्क्रीनशॉट सादरीकरणात लावतो. नाव पुसलं तरी वाक्य जसंच्या तसं ठेवलं तर शोधखिडकीत टाकून माणूस सापडतो.

२०१० मध्ये 'पेशंट्सलाइकमी' या रुग्णांच्या व्यासपीठावर एका बाजार-संशोधन कंपनीने सभासद म्हणून खातं उघडलं आणि मानसिक आजारांबद्दलच्या चर्चा यंत्राने उतरवून घेतल्या. लोकांनी तिथे मन मोकळं केलं होतं ते आपल्यासारख्या रुग्णांसमोर. २०१४ मध्ये फेसबुकवरच्या ६,८९,००३ लोकांच्या फीडमध्ये फेरफार करून त्यांच्या भावना बदलतात का ते तपासल्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि गदारोळ झाला. कारण तेच: विचारलं नव्हतं. युरोपच्या २०१८ पासून लागू झालेल्या जीडीपीआर या खासगी माहिती जपण्याच्या कायद्यात आरोग्याची माहिती विशेष जपायच्या गटात ठेवली आहे.

तुम्ही पाच जणांनी हौसेने चालवलेल्या उपक्रमाला वकील लागणार नाही. पण प्रश्नाच्या वर दोन ओळी लिहा: उत्तरं कोण वाचणार, कशासाठी, आणि कधी पुसून टाकणार. कोणाचं म्हणणं वापरायचं असेल तर आपल्या शब्दांत लिहा किंवा त्यांना विचारा.

ओलीसुकी

मी इथे कायम नुसती वाचते. पहिल्यांदाच लिहितेय, कारण वर ज्यांच्याबद्दल बोलताय त्यातली मी एक आहे. लहानपणापासून दमा आहे.

तुमच्यासारखे बरेच व्हिडिओ मी बघते. प्रतिक्रिया कधीच देत नाही. मी एखाद्या पोस्टवर काही लिहिलं की ते माझ्या ओळखीच्यांना दिसू शकतं. माझ्या ऑफिसात माझा आजार दोघांनाच माहीत आहे आणि मला तो तेवढ्यांनाच माहीत असायला हवाय. लाइकसुद्धा करत नाही. म्हणजे तुमच्या आकड्यांत मी आहे ती फक्त 'पाहिलं' या रकान्यात.

दुसरी गोष्ट. कोणी फॉर्म पाठवून '१ ते ५ गुण द्या' म्हटलं की मी ५ देते. तुम्ही पदरमोड करून, मनापासून काही करता, त्याला ३ कसे द्यायचे? कळलं नसलं तरी ५ देते. मला वाटतं माझ्यासारखे खूप असतील.

आणि तिसरी. आईलाही दमा आहे. तिचा मोबाइल मीच हाताळते. तिच्या वतीने फॉर्म मी भरला तर मला कळलं एवढंच तुम्हाला कळेल. तिला कळलं की नाही ते वेगळंच राहील.

खिडकी_उघडी

ओलीसुकी, तुमचा एक प्रतिसाद दहा आलेखांच्या तोडीचा आहे. लिहीत राहा.

संथवाहिनी, फॉर्ममध्ये पहिला प्रश्न हाच ठेवा: 'हे उत्तर कोण देतंय? स्वतः औषध घेणारे, की घरातलं दुसरं कोणी?' दोन्ही उत्तरं उपयोगी आहेत, फक्त मिसळू देऊ नका. गुण मागू नका. 'कुठलं वाक्य पुन्हा ऐकावं लागलं?' असं विचारा. त्याचं उत्तर द्यायला कोणाचं मन मोडावं लागत नाही. टाइप करणं जड जातं त्यांना आवाजी निरोप पाठवू द्या. वयस्कर लोक लिहीत नाहीत, पण बोलतात भरभरून.

उंबरठा

आणि बदल केला की सांगा. आमच्याकडे वर्षभर आम्ही फीडबॅक मागत होतो आणि उत्तरं घटत चालली होती. मग एकदा पोस्ट टाकली: 'तुमच्यापैकी तिघांनी सांगितलं की सुई कुठे टोचायची ते चित्रात नीट दिसत नाही. नवं चित्र टाकलंय.' दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. त्यानंतरच्या प्रश्नाला कधी नव्हे इतकी उत्तरं आली. आपलं बोलणं कुठेतरी पोचतं हे लोकांना दिसायला हवं.

संथवाहिनी

सगळ्यांचे मनापासून आभार. आमची काल बैठक झाली. जुना व्हिडिओ काढून दोन वेगळे व्हिडिओ करतोय. जुन्या दुव्यावर येणाऱ्यांसाठी चूक काय होती ते स्पष्ट लिहिणार आहोत. नवे व्हिडिओ खुले करण्याआधी पाच-सहा जणांना दाखवून पाहायचे. नीलसन यांचंच म्हणणं आहे की पाच जणांसोबत चाचणी केली तरी बहुतेक अडचणी समोर येतात.

चॅनेलवर टाकायच्या प्रश्नाचा मसुदा असा आहे: 'तुमचा पंप फवाऱ्याचा आहे की पावडरचा? तो घेताना श्वास कसा घ्याल, हळू की जोरात?' बघा बरं, कसा वाटतो.

ओलीसुकी

आईला वाचून दाखवला. तिला 'फवारा' आणि 'पावडर' दोन्ही कळलं नाही. ती म्हणते, 'माझा दाबायचा आहे.'

संथवाहिनी

मग 'दाबायचा पंप की कॅप्सूल घालायचा पंप' असं केलं तर?

निळी_शाई

थांबा, त्यात गोंधळ होईल. कॅप्सूलच्या काही पंपांना कॅप्सूल टोचायला बाजूला बटणं असतात, तीही दाबावी लागतात. शिवाय पावडरच्या सगळ्या पंपांत कॅप्सूल नसते, काहींत डोस आतच भरलेले असतात. शब्दांनी हे सुटणार नाही. फोटो दाखवा आणि विचारा, 'यातला तुमचा कुठला?'

संथवाहिनी

बरोबर. चार फोटो काढलेत, अ, ब, क, ड. अ फवाऱ्याचा, बाकी तिन्ही पावडरचे वेगवेगळे प्रकार. खाली एकच प्रश्न: 'तुमचा पंप निवडा आणि तो घेताना श्वास कसा घेता ते आवाजी निरोपात सांगा.' ओलीसुकी, तुम्हाला खासगीत पाठवलेत. आईंना दाखवाल का? तुम्ही काही सांगू नका, नुसते फोटो समोर धरा.

ओलीसुकी

दाखवले. आईने ब निवडला. तिचा पंप अ आहे, मी रोज हातात देते.

का म्हणून विचारलं. तिच्या पंपाला पुढे टोपण असतं. तुमच्या अ फोटोत टोपण काढलेलं आहे, त्यामुळे तिला तो ओळखूच आला नाही. ब ला टोपण होतं, म्हणून तोच आपला असं वाटलं.

संथवाहिनी

आईंना माझा नमस्कार सांगा. चारही पंपांचे टोपण लावलेले आणि टोपण काढलेले असे फोटो उद्या सकाळी काढते. झाले की आधी त्यांनाच पाठवते, मग चॅनेलवर.